सहावा तट

माणसांच्या फुटीचे मराठी भाषेला मोठे कौतुक असावे, अशी शंका आम्हाला पुष्कळदा येते. बैठकीत चार माणसे एका बाजूला सरकून बसली की तो गट. त्यांनी आवाज चढवला की तट. त्यांनी पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा केली की पक्ष. तीच माणसे आपल्याला आवडेनाशी झाली की कंपू, आणि मोजून चौघेच असली तर चौकडी. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांविरुद्ध जे कारभारी एकत्र आले, त्यांना इतिहासाने बारभाई म्हटले आणि भाषेने तो शब्द संसारातल्या प्रत्येक गोंधळाला लावून टाकला. शहाणपणाचीही आपण तटांप्रमाणे वाटणी केली. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि तलवारीशी सख्य नसल्यामुळे नाना फडणीस अर्धे. चौघांना मिळून साडेतीन शहाणे म्हणताना त्यांतले किती एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना बसत होते, याची आठवण मात्र आपण ठेवत नाही.

हे सगळे शब्दधन उतारवयात आमच्या उपयोगी पडले ते एका खेळामुळे. आमचा नातू आणि त्याचे चार मित्रमैत्रिणी दर रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात जमतात. पंधरा-सोळा वर्षांची मुले. जमल्यावर ती पट मांडत नाहीत, पत्ते पिसत नाहीत. एक जण सूत्रधार होतो. तो एक कल्पित प्रदेश वर्णन करून सांगतो. बाकीचे त्या प्रदेशातली एकेक व्यक्ती होऊन बोलतात आणि वागतात. कोणी भिंत चढायला निघाला किंवा पहारेकऱ्याशी खोटे बोलला, तर ते साधले की फसले हे फाशांनी ठरते. हे फासेही आपल्या सारीपाटाचे नव्हेत. त्यांतल्या एकाला चक्क वीस पैलू असतात. खेळ तीन-चार तास चालतो आणि पुढच्या रविवारी तेथूनच पुढे सुरू होतो. कोण जिंकले असे विचारले तर मुले आपल्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहतात. या खेळाचे मूळ नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्याची शेकडो भावंडे जन्माला आली आहेत.

यंदा सूत्रधारकी नातवाकडे आली. त्याने रत्नबंदर नावाचे एक नगर कल्पिले, त्याचा नकाशा काढला आणि तो आमच्यापुढे धरला. चार दिशांना चार दरवाजे आणि मधोमध मांडवासारखी चौकोनी इमारत. लहेरीपुरा, पाणी दरवाजा, चांपानेर आणि गेंडी या चौघांच्या मध्ये उभी असलेली आपली मांडवी त्याने नकळत समुद्रकाठी नेऊन ठेवली होती. आता त्याला या नगरात तट हवे होते. “आबा, तुम्ही सरकारात होतात ना? मग सांगा, एका राज्यात किती तट असतात?” सदतीस वर्षांच्या सेवेत इतका नेमका प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. त्याने स्वतः पाच तट योजून आणले होते. दिवाणाची माणसे, सावकार, डोंगरातला बंडखोर चुलता, समुद्रापलीकडची व्यापारी कंपनी आणि दरवाज्यांवर बसलेले परदेशी भाडोत्री सैनिक. प्रत्येकाचे चिन्ह आणि पोषाखाचा रंग ठरलेला होता. शेवटच्या तटापुढे त्याने कंसात ‘दुष्ट’ असे लिहिले होते. आम्ही विचारले, “यांना पाहिजे काय?” तो म्हणाला, “दुष्ट आहेत ना, म्हणून ते राजाला कोंडून ठेवतात.” यावर आमचे समाधान झाले नाही, आणि मुलाचेही झालेले दिसले नाही.

या निमित्ताने आम्ही या खेळाच्या पूर्वजांची थोडी विचारपूस केली. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये युद्धाचा एक खेळ नियमबद्ध केला. नकाशावर दोन सैन्ये आणि दोघांवर एक पंच अशी त्याची रचना होती. पुढे अनेक देशांतल्या हौशी लोकांनी तो उचलला. परंतु दोन सैन्यांच्या खेळातून आजचा हा खेळ निघाला, त्यामागे एक अडचण होती. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने असा एक सामना योजला. नेपोलियनच्या काळातले ब्राउनस्टाइन हे कल्पित प्रशियन गाव आणि त्यावर चालून येणारी दोन सैन्ये. मात्र खेळायला येणारे दोघांहून कितीतरी जास्त होते. मग त्याने एकाला गावचा नगराध्यक्ष केले, एकाला पेढीवाला, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला स्वतःचा वेगळा हेतू दिला. झाले असे की सैन्ये बाजूलाच राहिली. ही गावकरी मंडळी एकमेकांना गाठून कोपऱ्यात कुजबुजू लागली. वेस्लीला वाटले, खेळ पार फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. त्यांतच आर्नेसन होता. म्हणजे दोन बाजूंच्या लढाईत तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या माणसाला खुर्ची मिळाली, तेव्हा या खेळाचा जन्म झाला. १९९४ साली निघालेल्या ‘प्लेनस्केप’ या त्याच्या एका शाखेत तर सिगिल नावाच्या एकाच नगरात पंधरा तट नांदतात, आणि त्यांचे भांडण जमिनीवरून नसून जगाचा अर्थ काय यावरून आहे. हे ऐकून आम्हाला आपल्या साहित्यसंस्थांची आठवण झाली, ती आम्ही नातवाला सांगितली नाही.

राज्याचे तुकडे करून ते खेळात मांडण्याची कल्पना आपल्याकडे त्याहून जुनी आहे. गंजिफा आता घरांतून गेला. सावंतवाडीच्या राजघराण्याने आणि तिथल्या चिताऱ्यांनी तो जपला नसता तर नावही उरले नसते. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा दहा रंगांचा आणि एकशे वीस पानांचा. मोगली गंजिफा आठ रंगांचा आणि शहाण्णव पानांचा. त्या आठ रंगांची नावे पाहावीत : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. अर्थात मुकुट, रुपेरी नाणे, तलवार, चाकर, वाद्य, सोन्याचे नाणे, सरकारी कागद आणि कोठारातला माल. ही तर राज्यातली खातीच झाली! प्रत्येक खात्याला एक राजा, एक वजीर आणि हाताखाली एकापासून दहापर्यंतची पाने. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त याहून जुना बारा रंगांचा खेळ वर्णिला आहे. त्यात अश्वपती, गजपती, गडपती, धनपती यांच्या जोडीला वनांचा आणि सर्पांचाही अधिपती आहे. कल्पित जगाचे तट कसे करावेत याचा हा नमुना आपल्या हाताशी चारशे वर्षे पडून होता.

त्या आठ रंगांतली एक खुबी मात्र निवृत्त सरकारी नोकरालाच पूर्णपणे कळेल. तलवारीच्या रंगात वजिराच्या खालोखाल दश्शीचा मान. बळ जितके मोठे तितका हुद्दा वरचा. बरातीच्या, म्हणजे कागदाच्या, रंगात क्रम उलटा. तिथे वजिराच्या शेजारी एक्का बसतो आणि दश्शी सगळ्यांत खाली. ज्याने कचेरीत एक दिवस काढला आहे, त्याला याचे स्पष्टीकरण द्यायला नको. फाइल कोणत्या टेबलाच्या कोणत्या खणात आहे हे जो जाणतो, तो हुद्द्याने एक्का असला तरी साहेबाच्या कानाला लागलेला असतो.

तेव्हा आम्ही नातवाला एक सरकारी पद्धतीचे विवरणपत्र आखून दिले. प्रत्येक तटापुढे चार रकाने : यांना काय हवे आहे, यांना कशाची भीती आहे, यांचे कोणाशी देणेघेणे आहे, आणि यांच्या घरात फूट कुठे आहे. चिन्ह आणि पोषाख नंतर. रकाने भरण्यासाठी कल्पनेत शिरण्याआधी त्याला इतिहासात पाठवावे असे वाटले, आणि त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. सप्टेंबर १८०० ते डिसेंबर १८०२ या सव्वादोन वर्षांत खुद्द बडोद्याच्या कोटात जे घडले, ते कोणत्याही सूत्रधाराला वर्षभर पुरेल.

गोविंदराव गायकवाड सप्टेंबर १८०० मध्ये वारले. थोरले चिरंजीव आनंदराव गादीचे वारस, पण राज्यकारभार पेलण्याइतके सावध नव्हेत. अशी वेळ या घराण्यावर पहिल्यांदाच आली नव्हती. १७६८ मध्ये दमाजीराव गेले, तेव्हाही थोरले सयाजीराव दुबळे म्हणून गोविंदराव आणि फत्तेसिंगराव या भावांत वर्षानुवर्षे झगडा चालला होता. आता आनंदरावांच्या नावाने कारभार कोणी करायचा? गोविंदरावांचे दुसरे पुत्र कान्होजी यांनी सत्ता हाती घेतली. त्यांचा जन्म औरस मानला जात नव्हता, पण कर्तबगारी होती. दिवाण रावजी आपाजी आणि त्यांचे बंधू बाबाजी आपाजी यांनी कान्होजींना दूर केले. ज्या बळावर केले ते बळ अरब शिबंदीचे होते. कोटाचे दरवाजे त्या शिबंदीच्या हाती असत. मग कडीचे जहागीरदार मल्हारराव गायकवाड चालून आले. गादीवरच्या पुरुषाला दिवाणाच्या हातून सोडवतो, असे त्यांचे म्हणणे. रावजींनी मुंबईकर इंग्रजांना हाक घातली. मल्हाररावांचे वकीलही त्याच दाराशी गेले होते. जानेवारी १८०२ मध्ये मेजर अलेक्झांडर वॉकर बडोद्यात आला. मार्चमध्ये खंबायत येथे करार झाला. उन्हाळ्यात कडी पडली आणि मल्हाररावांना नडियादला नेऊन बसवले. कंपनीने रावजींना, दिवाणगिरी तुमच्या घराण्यात राहील, असा गुप्त शब्दही देऊन ठेवला.

आता उरले अरब. खर्च फार म्हणून त्यांना रजा द्यायचे ठरले. त्यांचा पगार थकला होता, आणि नुसता पगारच थकला होता असे नाही. या दरबारात हमीला बहांदरी म्हणत. दरबाराने एखाद्या सावकाराला किंवा सरदाराला शब्द दिला, तर तो पाळला जाईल याची हमी अरब जमादार घेत. कारण दरबाराच्या नुसत्या शब्दावर कोणी पैसा देत नसे. हरिभक्ती, सामळ बेचर यांसारख्या पेढ्यांचे कर्ज या हमीवर उभे होते. शिबंदी गेली म्हणजे सगळ्या हम्या वाऱ्यावर. अरबांनी जायचे नाकारले आणि आनंदरावांना आपल्या ताब्यात ठेवले. डिसेंबर १८०२ मध्ये इंग्रज फौजेने बडोद्याच्या कोटाला वेढा घालून तो घेतला. त्यानंतर थकलेला पगार चुकता झाला. त्यासाठी पेढ्यांकडून आणि कंपनीकडून कर्ज काढले गेले. अरबांच्या हम्या होत्या त्या जागी कंपनीच्या हम्या आल्या. तेव्हापासून बडोद्याच्या दरबारात कोणी कोणाला शब्द दिला तरी साक्षीला रेसिडेंट बसू लागला. कोट तलवारीने घेतला खरा; राज्य मात्र बरातीच्या रंगाने गेले.

या कथेत दुष्ट कोण, असे आम्ही नातवाला विचारले. त्याने पाच नावे कागदावर लिहिली आणि एकेक खोडली. रावजींना राज्य चालवायचे होते आणि स्वतःचे घरही. कान्होजींना वाटे, अंगात गुण असून जन्माने दाराबाहेर ठेवले. मल्हाररावांना घराण्यातल्या वाट्याची चाड. पेढ्यांचे हित विचित्र. राजा दुबळा असला तर कर्ज घेतो म्हणून बरा. पण राज्य बुडाले तर कर्जही बुडते म्हणून तो जगलाही पाहिजे. आणि अरब? ते त्यांचे केलेल्या कामाचे पैसे मागत होते. आपण दिलेल्या हमीला बट्टा लागू नये, हेही मागत होते. नातवाने कंसातला ‘दुष्ट’ खोडला आणि रकान्यात लिहिले : ‘सात महिन्यांचा पगार.’

गमतीची गोष्ट अशी की ज्यांच्या नावाने हे सगळे चालले ते आनंदराव सगळ्यांत दुबळे मानले गेले, आणि टिकले मात्र बहुतेकांहून जास्त. रावजी आपाजी कोट पडल्यावर वर्षभराच्या आत, १८०३ मध्ये वारले. कंपनीची हमी घेऊन पुण्याला बोलणी करायला गेलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले. आनंदराव १८१९ पर्यंत गादीवर होते.

इथपर्यंत सगळे ठीक होते. यानंतर नातवाने एक सहावा तट काढला. तो त्याला आम्ही सुचवला नव्हता. त्याचे नाव त्याने ठेवले ‘लेखणीवाले’. रत्नबंदर जिंकणाऱ्या सैन्याबरोबर तीन पिढ्यांपूर्वी हे लोक दुरून आले. सैन्य विरले, हे राहिले. घरात वेगळी भाषा बोलतात, बाजारात नगराची. सगळ्यांचे हिशेब यांच्या वह्यांत असतात, आणि त्या वह्या अशा लिपीत की ती दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. इतके लिहून त्याने विवरणपत्र आमच्याकडे सरकवले. “आबा, यांना काय हवं आहे ते मला येत नाही. तुम्ही भरा.”

तो रकाना पुढे आठ-दहा दिवस आमच्या टेबलावर कोरा पडून होता. या पत्रिकेच्या वाचकांना त्याचे कारण सांगायला नको. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात याच वाटेने येऊन बसली आहेत. आपण स्वतःविषयी सांगतो ते सयाजीराव महाराजांपासून सुरू करून. ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण, रियासतकार सरदेसाई, सयाजी साहित्यमाला. त्यात खोटे काहीच नाही. पण त्याच्या मागे आणखी दीडशे वर्षे आहेत. पिलाजीरावांची फौज गुजरातेत शिरली, १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा घात झाला, १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे घेतले. त्यानंतर दर साल मुलूखगिरीची फौज काठियावाडात खंडणी गोळा करत फिरे. चरोतरच्या कुणब्याच्या अंगणातून पाहिले तर तीही दुरून आलेली शिबंदीच होती. अरब दरवाज्यावर बसले, आपण दप्तरात बसलो. ते परके आणि आपण घरचे, असे म्हणायला त्या कुणब्याला कोणतेच कारण नव्हते. फरक एवढाच की त्यांचा पगार थकला आणि आपला बहुधा थकला नाही.

मग लेखणीवाल्यांना काय हवे होते? नोकरी हवी होती, हे खरे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वर्चस्व हवे होते, असे कोणी म्हणेल. मोडीतल्या वह्या दुसऱ्याला वाचता येत नाहीत, हे काहींच्या पथ्यावर पडत असेलही. पण तेवढाच रकाना भरला तर तो अपुरा राहतो. याच राज्यात गुजराती ही कारभाराची भाषा झाली, आणि तो कारभार मराठी घरांतून आलेल्या माणसांनी गुजरातीत केला. १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा सात भाषांचे पर्याय मांडलेला तो कोश आम्ही नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या कपाटात पाहिला. त्या आडव्या ओळींकडे पाहताना आम्हाला वाटले होते की कारकुनाचे सगळ्यांत मोठे स्वप्न बहुधा हेच असेल. एक गोष्ट कोणी कोणत्याही भाषेत सांगावी, वहीत तिचा अर्थ एकच लागावा.

आणि भीती? तिचा रकाना आम्ही वडिलांच्या आठवणीवरून भरला. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, ते राज्यही दुभंगले. नोकरवर्गाची वाटणी होऊ लागली आणि आमच्या वडिलांना कोणत्या राज्यात राहणार असे विचारण्यात आले. एकीकडे संयुक्त महाराष्ट्र, दुसरीकडे महागुजरात. दोन्ही चळवळींत माणसे मेली होती, दोन्हींत न्याय्य मागणी होती, आणि आमच्या घरात दोन्हींचे जिवलग होते. वडिलांनी बडोदे लिहिले. पुढे पुण्याचे नातलग त्यांना कधीकधी ‘गुजराती’ म्हणत आणि कचेरीतले सोबती ‘दक्षिणी’. दोन्ही संबोधने प्रेमाची होती. तरी वडील घरी आल्यावर क्षणभर गप्प बसत, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. ‘तुम्ही नक्की कोणाचे?’ हा प्रश्न, तो हसत विचारला तरी, लेखणीवाल्यांची भीती आहे. आम्ही रकान्यात तसेच लिहून दिले.

खेळ झाला तो दिवाळीनंतरच्या दोन रविवारी. नातवाने प्रत्येक तटाचे विवरणपत्र लखोट्यात घालून ज्याचे त्याला दिले. एकाचे दुसऱ्याला दाखवायचे नाही. चार खेळाडू आणि सहा तट, म्हणून चुलता आणि कंपनी सूत्रधाराने स्वतःकडे ठेवली. दरवाजेकऱ्यांचा जमादार झाला एक मोठ्या व्यापारी घरातला मुलगा, ज्याने आयुष्यात कधी पगार थकलेला पाहिला नसेल. तो इतक्या पोटतिडकीने बोलला की चहा घेऊन आलेली आमची सौभाग्यवती दारातच थांबली. “राजाला मी कोंडलं नाही. राजा माझ्याकडे तारण आहे!” असे तो म्हणाला. सावकारीण झालेल्या मुलीने व्याजाचा दर ऐकवला, तेव्हा दिवाण झालेल्या मुलाचा चेहरा पडला. आणि लेखणीवाला झाला एक गुजराती मुलगा. त्याच्या घरी मराठीचे अक्षर नाही, पण दहा वर्षे आमच्या घरी खेळल्यामुळे त्याची मराठी आमच्या नातवाहून बरी आहे.

कंपनीचे गलबत बंदरात उभे होते. दिवाण होड्या पाठवून मदत मागण्याच्या बेतात होता. तेवढ्यात लेखणीवाल्याने विचारले, “थकलेल्या पगाराचा खरा आकडा माझ्या वहीत आहे ना?” सूत्रधार म्हणाला, आहे. जमादार मागतो त्याहून तो कमी होता आणि दिवाण कबूल करतो त्याहून जास्त. तो उघड होणे दोघांनाही नको होते. त्या मुलाने नगराच्या मधल्या चौकात उभे राहून वही मोठ्याने वाचली, आणि वाचली नगराच्या भाषेत. पुढचे दोन तास नुसती घासाघीस झाली. सावकारिणीने कर्ज दिले. हमी दिवाणाने स्वतःच्या जहागिरीची दिली. दरवाजे उघडले. गलबत आणखी एक रविवार वाट पाहून निघून गेले.

शेवटी लखोटे उघडून सगळ्यांनी सगळ्यांचे रकाने वाचले. जमादार आणि दिवाण या दोघांच्या भीतीच्या रकान्यात जवळजवळ एकच वाक्य होते, हे पाहून मुले खूप हसली. नातवाने मग विचारले, “आबा, खऱ्या बडोद्यात असं का नाही झालं? वह्या तर तेव्हाही होत्या.”

वह्या होत्या. कोठीतल्या दफ्तरखान्यात आजही आहेत, आणि त्यांतले निवडक कागद विसाव्या शतकात खंडच्या खंड छापलेही गेले. सगळे लखोटे उघडले गेले, पण खेळ संपून शतक उलटल्यावर. शिवाय खेळातला लेखणीवाला वही वाचून रविवारी संध्याकाळी घरी जेवायला जातो. १८०२ मध्ये चौकात उभे राहून असा आकडा वाचणाऱ्याला घरी परत जाण्याची खात्री नव्हती, आणि त्याच्या पोटाला देणारे हात दोन्ही तटांत होते. हे आम्ही नातवाला सांगितले. त्याला ते पटले की नाही हे कळले नाही. “तरी कोणीतरी वाचायला पाहिजे होता,” एवढेच तो म्हणाला. त्याच्या वयाला ते शोभले, आणि आमच्या वयाला त्यावर उत्तर सुचले नाही.

ते लेखणीवाल्यांचे विवरणपत्र आता आमच्याकडे आहे. काय हवे, या रकान्यात आम्ही पेन्सिलीने काही लिहिले होते. त्या मुलाने खेळापूर्वी ते पुसले आणि स्वतःच्या हाताने भरले. अक्षर गुजराती वळणाचे आहे, शिरोरेघा नाहीत. शब्द मराठी आहेत : ‘सगळ्यांचा हिशेब सगळ्यांना समजला पाहिजे. मग आम्ही इथेच राहू.’